जमनाने शाकारलेली शाळा

बाळांनो, दोन घोटांच्या मधेही कपावर बशी झाकणारी बाई मी एकच पाहिली, ती जमना. "उघडं ठेवलं की माशी आधी पिते, काकी," असे ती म्हणे.

बदली होऊन जाईपर्यंत ती उधवा गावाजवळच्या एका पाड्यावर शाळेत शिकवत असे. मुलांना इंग्रजी नीट शिकवता यावे म्हणून रविवारी डहाणूला आमच्या चिकूच्या वाडीत येई. एकदा 'कव्हर्ड' हा शब्द निघाला. मी पद्धतशीर अर्थ सांगू लागले: झाकलेले, आच्छादलेले, वेढलेले. तिने मला थांबवले. "अर्थ राहू द्या, वापर सांगा. नुसता अर्थ पोरांबरोबर घरी जात नाही." मी वाक्य दिले, 'द कप इज कव्हर्ड विथ अ सॉसर.' तिने कपावर बशी ठेवून ते लगेच म्हणून पाहिले.

२०१८च्या हिवाळ्यात इकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. तुम्हाला फोनवर मी "सगळे ठीक" सांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. शाळेच्या स्लॅबला चीर गेली. पालकांनी मुले पाठवणे थांबवले. भात झोडून झाले होते, लोक मजुरीसाठी गुजरातेत निघायच्या बेतात होते. शाळा बंद राहिली तर मुलेही सोबत जाणार आणि पावसाळ्यापर्यंत परतणार नाहीत, हे जमनाला ठाऊक होते.

पाड्यावर कुणाचे घर शाकारायचे असले की घरटी एक भारा पेंढा येतो. जमना दारोदार फिरली. "यंदा शाळा शाकारायचीय. तुमचा भारा?"

"आन् धरणी हालली तं, बाई?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"हालू दे. पेंढा डोक्यावर पडला तर केस विंचरू!"

म्हातारा हसला. सगळ्यात मोठा भारा त्याचाच आला.

शाळेच्या मैदानात पेंढ्याने शाकारलेला मांडव उभा राहिला. मुले आली, पण आया बाहेर बसून राहत. मी बघायला गेले त्याच सकाळी धक्का बसला. मांडव करकरला, पेंढा झरझर खाली आला. आया धावत आत शिरल्या. जमना फळा धरून उभी, केसांत काड्याच काड्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "टीचर इज कव्हर्ड विथ स्ट्रॉ!"

आधी मुले हसली, मग आयाही. त्या दिवशी कुणीच आपले मूल उचलून घरी नेले नाही.

मजुरांच्या जीपगाड्या निघाल्या, त्यानंतरच्या रविवारी जमना आली. चहा समोर ठेवला, तरी बशीकडे तिचा हात जाईना.

"काकी, पोरं राहिली. आजीआजोबांपाशी ठेवून गेले."

कप उघडाच होता. माशी काठावर येऊन बसली. मी माशीला हाकलले नाही; या आनंदात तिलाही एक घोट मिळू दे, म्हटले.