दंड बदल!

आधीच सांगते, भूत, करणी, उतारा असल्या गोष्टींना आमच्या घरात कधीच थारा नव्हता. आम्ही बौद्ध. वडील म्हणायचे, "स्वतः बघ, तपास, मग मान." त्यामुळे हे वाचून मला नारळ फोडायचा सल्ला देऊ नका, प्लीज... तो देऊन झालाय.

मी सोलापूरजवळ, मंद्रूपच्या बाजूच्या एका खेड्यात उपकेंद्रावर नर्स आहे. काम शिकवलं पवारबाईंनी. बीपी बघण्याच्या बाबतीत बाई म्हणजे साक्षात जमदग्नी! पेशंटला पाच मिनिटं निवांत बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीला, बाही पूर्ण काढून पट्टा उघड्या दंडावर. मध्ये कुणी बोललं की खल्लास. आणि नवीन पेशंटचा एकच हात बघून मी थांबले, की मागून ठरलेला आवाज यायचा, "दंड बदल!" बाई वारल्या, त्याला आता दोन वर्षं झाली.

त्या दिवशी लसीकरण होतं. सकाळचे अकरा, बाहेर पोरांची रडारड. एक सून तपासायला आली, आठवा महिना. अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलूख. आत्तापर्यंत माहेरी होती, आमच्याकडे पहिल्यांदाच. सासू बाहेर नळावर गेलेली. खोलीत आम्ही दोघीच.

तिच्या ब्लाउजची बाही घट्ट होती. ती काढायला लावायचा मला कंटाळा आला... हो, कंटाळा! तशीच वर गुंडाळून उजव्या हाताला पट्टा बांधला. ११६/७४. कार्डावर लिहायला पेन उचललं, तर ती एकदम रडवेली.

"अक्का, दंड याक, कशाला? मी काय चूक केलं?"

"कसला दंड गं?"

"त्या बाई म्हणत्यात की... दंड बदल, दंड बदल."

तिनं माझ्या मागे बोट केलं. मागे औषधांचं कपाट. मला काही ऐकू आलं नव्हतं.

तिच्या कानडीत दंड म्हणजे फक्त शिक्षेचा दंड. मराठीत दंड हाताला असतो, हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं! मग हे वाक्य ती कुठून आणणार?

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण रागही आला. कपाटाकडे वळून मी मोठ्यानं म्हणाले, "बदलते! पण माझ्या पेशंटला घाबरवायचं नाही."

बाही काढायला लावली. पाच मिनिटं बसवलं. डावा दंड – १७०/११२. उजवा पुन्हा – १६८/११०. घट्ट गुंडाळलेल्या बाहीनं पहिला आकडा खोटा, कमी दाखवला होता. "डोकं दुखतंय का?"

"व्हय. कालपासनं."

अँब्युलन्सनं सोलापूरला पाठवलं. संध्याकाळी सिझेरियन झालं. डॉक्टर फोनवर म्हणाले, घरी परत गेली असती तर झटके आले असते. मायलेकी दोघी ठणठणीत आहेत.

सासू महिन्यानं पेढे घेऊन आली. "पवारबाईच की त्या! लई उपकार झालं. सिस्टर, तुमी तितं नारळ फोडा."

नाही फोडला. फोडणारही नाही. खिडकीबाहेर कुणी होतं का, सुनेला कुणी बाईंबद्दल सांगितलं होतं का, सगळं विचारून झालं. कुणीच नाही. उत्तर मला आजही सापडलेलं नाही, पण म्हणून मी वाटेल ते मानणार नाही.

लोक विचारतात, भीती नाही वाटली? नाही हो... लाज वाटली. बाही मी गुंडाळली होती.