पुस्तक संपला

मी लिहायला बसावं हे खरं तर माझं मलाच पटत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि अर्जापलीकडे आमच्यात कुणी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण माझ्या घरमालकांच्या थोरल्या मुलाबद्दल कुणीतरी लिहायला हवं, कारण सोलापुरात जन्म काढून सोलापुरात सगळ्यात कमी राहिलेला माणूस म्हणजे ते.

माळशिरसहून शिकायला आलो तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली घेतली. खाली त्यांचे टॉवेलचे माग दिवसभर खडखडत. घर तेलुगू. या थोरल्या मुलाला मी अण्णा म्हणायचो, ते मला तम्मुडू, म्हणजे धाकटा भाऊ. वय तिशीच्या पुढचं. अण्णा मागापाशी उभे राहत ते एक डोळा सुताच्या धावत्या धोट्यावर आणि एक पुस्तकात ठेवून. पुस्तकं सगळी नवीकोरी, इंग्रजी आणि उशीएवढी जाड. कशात ड्रॅगन आणि जादूची राज्यं, कशात ताऱ्यांपलीकडे निघालेली यानं, आणि कुठल्याही राज्यात, कुठल्याही यानात प्रेम असायचंच. एकदा एक व्यापारी माल बघायला आले, तर अण्णांचे डोळे भरलेले. त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?" "सेनापती," अण्णा म्हणाले. व्यापाऱ्यांनी टोपी काढली, चहाला नको म्हटलं आणि माल न बघताच निघाले. जाता जाता त्यांनी, आजारी होते का, अशी चौकशी केली. ड्रॅगननं खाल्ला, असं अण्णा सांगणार एवढ्यात मी मध्ये पडलो आणि "अचानक गेले" म्हणालो.

वाचलेलं कुणाला सांगितल्याशिवाय अण्णांना जेवण जात नसे. त्यांनी गोष्टी सांगून माझं इंग्रजी सुधारायचं आणि मी त्यांचं मराठी, असं आमचं ठरलं. त्यांच्या गोष्टीतले राजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात. यान पृथ्वी सोडून निघालं की "चिंचोळी एमआयडीसी मागं पडला बे" असं ते सांगत, जणू सोलापूरची वेस ओलांडली. मागांच्या आवाजामुळे सगळं ओरडूनच सांगावं लागे, त्यामुळे कुठल्या राणीला विष दिलं हे गल्लीलाही कळायचं. मराठीत मात्र त्यांचं तो, ती आणि ते कधी कुठे जाईल याचा नेम नव्हता. "लाईट गेला," "भाकरी खाल्ला का बे?" कॉलेजात मी चुकून 'न्हाय' म्हणालो की मागच्या बाकावर हसू फुटतं. इथे मी दुरुस्त करायचो आणि एवढा मोठा माणूस मान डोलवायचा. म्हणून मी फार मनापासून दुरुस्त करायचो.

त्यांची आई, अम्मा, लग्नासाठी मागे लागली होती. "पुस्तक संपला की करतो," असा शब्द अण्णांनी तिला दिलेला. पुस्तकांना भाग असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "संपला का रे पुस्तक?" ती जिन्यातून विचारायची, तेही मराठीत, म्हणजे मला साक्षीला धरता यावं. "आत्ता तर युद्ध सुरू झाला, अम्मा."

एका दुपारी वीज गेली, माग थांबले, आणि अण्णांनी पहिल्यांदाच न ओरडता गोष्ट सांगितली. दोन शत्रुराज्यांचे दोन दूत होते.

"मग तो त्याच्यासाठी सीमेवर थांबला."

"तिच्यासाठी," मी म्हणालो.

"बरं, तिच्यासाठी. पण तो आला न्हाय."

"ती आली नाही."

"हां, ती." मग बंद मागाकडे बघत म्हणाले, "माझा पण एक हाय बे. सुरतला गेलाय. येतो म्हनलाय."

"माझी पण एक आहे. गेलीय. येते म्हणालीय," मी वाक्य सुधारलं.

अण्णा हसले. "तुझा मराठी लई पक्का हाय."

परीक्षेआधी सराव म्हणून मी तेच पुस्तक मागून घेतलं आणि शब्दकोश उघडून बसलो. दोन्ही दूत पुरुष होते. आधी मला छपाईची चूक वाटली. पुढच्या पानावरही तीच. मग वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं की त्या दुपारी तो आणि ती यांच्यात अण्णांची एकही चूक झाली नव्हती, पुस्तकातली नाही आणि सुरतचीही नाही. मला काय वाटायला हवं हेही समजेना. तसाच खाली गेलो.

"अण्णा, हे दोघं..."

"व्हय."

"मग मला अडवलं का नाही तुम्ही?"

"तू इतक्या हौसेनं करत होतास. म्हटलं, करू दे."

तो की ती हे कळू नये असं एखादं वाक्य मी शोधत होतो. सापडलंही होतं, पण तोंडातून निघालं, "तो कधी येणार?"

"माहीत न्हाय. फोन उचलत न्हाय." त्यांनी हातातलं पुस्तक दाखवलं. "आणि हा शेवटचा भाग हाय बे. ह्याच्यापुढं अम्माला सांगायला भाग न्हाय."

परीक्षा झाली, मी गावी आलो. निघताना अम्मानं लग्नाला ये म्हणून बजावलं होतं, मुलगी कोण ते न सांगता. काल अण्णांचा मेसेज आला, "तम्मुडू, पुस्तक संपला." मी अभिनंदन लिहिलं आणि खोडलं. तेवढ्यात दुसरा आला, "तो आला."

अम्माला त्यांनी काय सांगितलं, आता पुढे काय, मला काही ठाऊक नाही, आणि विचारायचं कसं तेही सुचत नाही. सवयीनं दोन्ही मेसेज परत परत वाचले. पहिल्यात एक चूक आहे, दुसऱ्यात नाही. दुरुस्त काहीच केलं नाही.