रमजानभाईंचा घाट

पाटणच्या रमजान शिकलगारांनी एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हरकी केली. त्यातली बावीस पाटण–चिपळूण मार्गावर, म्हणजे कुंभार्ली घाटात. रिटायर झाल्यावर माणसं शेळ्या घेतात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर ग्रामपंचायतीला उभी राहतात. रमजानभाईंनी घाट बांधायला काढला, तोही कॉम्प्युटरमध्ये.

गाडी चालवायचा एक खेळ असतो. समोरच्या पडद्यावर रस्ता, हातात स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक. त्यात परदेशातले गुळगुळीत रस्ते ढिगानं होते, पण आठ दिवसांतच रमजानभाईंना त्यांचा कंटाळा आला. "ह्याला काय रस्ता म्हणायचं? एक खड्डा न्हाई, एक म्हैस आडवी न्हाई." मग त्यांना कळलं की या खेळात ज्याला त्याला आपापला रस्ता तयार करता येतो. झालं! व्हिडिओ बघत ते शिकले, चुकले, पुन्हा शिकले. पडवीत भंगारातली एसटी ड्रायव्हरची सीट बसवली, टेम्पोचं स्टिअरिंग जोडलं आणि बाजूला कंडक्टरची घंटी टांगली, खऱ्या दोरीसकट. त्यांच्या बायकोनं, सलिमाभाभींनी, पहिल्याच दिवशी त्या दोरीवर टॉवेल वाळत घातला.

रमजानभाईंना खोड एकच, काही म्हणून सोडायचं नाही. दोन वर्षं मोटारसायकलवरून घाटात खेपा घालून त्यांनी फोटो काढले. कठडे, दरडीवरच्या जाळ्या, घाटमाथ्यावरची चहाची टपरी, टपरीवरची पाटी, पाटीवरचा भज्यांचा भाव, सगळं जसंच्या तसं रस्त्याच्या कडेला उभं केलं. दुसरा कुणी असता तर एकच झाड हजार वेळा लावून मोकळा झाला असता. त्यांचं प्रत्येक झाड वेगळं.

सांगलीच्या गणपती पेठेमागच्या बोळात कीर्ती मगदूमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. रमजानभाईंचं जुनं मशीन तिच्याकडचंच, आणि अडलं की फोनही तिलाच. ती सांगून सांगून थकली होती.

"चाचा, झाडं कमी करा. कुणाला कळत न्हाई."

"मला कळतं की! त्या वाकड्या झाडाला मी ब्रेक लावतो. झाडच काढलं तर ब्रेक कुठं लावू?"

बाकीची माणसं रस्ता बघण्यासाठी करतात, यांनी तो हाकण्यासाठी केला होता. ड्रायव्हर नकाशानं घाट उतरत नाही, खुणांनी उतरतो. एक खूण गाळली तर रमजानभाईंच्या हिशोबानं गाडी दरीत.

या सगळ्याचा भार बिचाऱ्या मशीनवर पडला. काम करताना लागेल ते हाताशी ठेवायला कॉम्प्युटरला मेमरी लागते, आणि यांच्याकडे ती होती आठ जीबी. घाटमाथा ओलांडून गाडी उताराला लागली की तिसऱ्या वळणावर पडदा थिजायचा. आणखी सोळा जीबीची एक पट्टी बसवली की काम भागणार होतं. उन्हाळ्यात तिचा भाव साडेतीन हजार होता. रमजानभाई म्हणाले, दिवाळीत बघू. दिवाळीत आठ झाला. ते म्हणाले, सणाचा भाव आहे, उतरेल. जानेवारीत कीर्तीनं बारा सांगितला, तोही फक्त आजच्या दिवसापुरता. मोठमोठ्या कंपन्या ते एआय चालवायला पत्र्याच्या शेडांएवढाली मशिनं उभी करत होत्या आणि जगातली सगळी मेमरी तिकडंच पळत होती. हार्ड डिस्कसुद्धा तशाच चढल्या होत्या.

"म्हंजे तिकडं कुणीतरी मशीनशी गप्पा मारतंय," सलिमाभाभी म्हणाल्या, "म्हणून तुमची गाडी घाटात अडकली व्हय?"

"तसंच म्हणायचं."

"मग राहू द्या अडकलेली. बारा हजारांत दोन शेळ्या येतात."

एरवी रमजानभाईंनी वर्षभरसुद्धा वाट पाहिली असती. पण आता रविवार आडवा आला होता. बावीस वर्षं त्यांच्या गाडीवर कंडक्टर होते नानासो शेडगे. गेल्या साली नानांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळं पुण्याचा मुलगा त्यांना रविवारी कायमचा घेऊन जाणार होता. दिवाळीपासून नाना फारसं बोलतच नव्हते. विचारलं तर म्हणायचे, "मी आता पार्सल हाय. कुठंबी टाका." रमजानभाईंनी शब्द दिला होता, "नाना, घाट उतरवल्याबिगर तुला पुण्याला जाऊ देत न्हाई." आणि घाट तर तिसऱ्या वळणावर थिजलेला.

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं ते सांगलीला निघाले. शेळ्यांचे बारा हजार खिशात होते आणि भाभींचं तोंड वाकडं होतं. ड्रायव्हरच्या मागचीच सीट धरली. रिटायर ड्रायव्हर दुसरीकडं बसत नाही. इस्लामपूरच्या अलीकडं उसातून धुकं उठलं आणि रस्ता गडप झाला. गाडी मुंगीच्या पावलानं चालली आणि मागं बसलेल्या रमजानभाईंचा उजवा पाय आपला आपण ब्रेक दाबत राहिला.

दुकानात कीर्तीनं हात जोडले. "चाचा, आज पंधरा. आणि द्यायला मालच न्हाई. ही माझ्या मशीनमधली काढून देऊ का?"

"आणि तू धंदा कशावर करणार? नगं." रमजानभाई मटकन स्टुलावर बसले. "कीर्ती, मला एवढंच सांग, हे थिजतंय तरी का?"

"कारण घाटमाथ्यावरनं तुमाला सगळा घाट दिसतो. जेवढं दिसतं तेवढं समदं त्याला एका वेळी ध्यानात ठेवावं लागतं. हजार झाडं, तुमची भज्यांची पाटी, सगळं. दिसायचं कमी झालं तर ह्याच मेमरीत भागंल."

रमजानभाईंचा उजवा पाय सकाळसारखाच फरशीवर दाबला गेला. मग त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की शेजारच्या गिऱ्हाइकाचा चहा सांडला.

"कीर्ती! धुक्यात किती दिसतं?"

"दहा पावलं."

"मग दहा पावलांचीच मेमरी लागंल की गं!"

कीर्तीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "चाचा, म्हंजे एक झाडबी काढायचं न्हाई?"

"एकबी न्हाई. जवळ आलं की दिसंल, मागं गेलं की विसरंल. अगं, कुंभार्लीत वर्षातलं सहा म्हैने असंच दिसतं. मी येडा, उन्हाळ्यातला घाट बांधत बसलो!"

धुकं कसं पसरायचं ते तिनं तासाभरात शिकवलं, दहा पावलांपलीकडचं मशीननं उचलायचंच नाही हेही जमवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. बारा हजार घरी जसेच्या तसे परत आले. भाभींनी ते आधी मोजले आणि मग चहा टाकला.

शनिवारी सकाळी नानांना रिक्षातून आणलं. खुर्चीत बसवून खुर्ची डाव्या अंगाला, दोरीखाली ठेवली. भाभींनी आज टॉवेल आपणहून काढला होता. रमजानभाईंनी खाकी शर्ट घातला, इंजिनाचा घरघराट सुरू केला आणि गाडी घाटमाथ्यावरून उताराला सोडली.

पडद्यावर नुसतं पांढरं.

"आरं, ह्यात दिसतंय काय?" नाना म्हणाले. "एवढ्यासाठी मला आणलंस?"

"न्हाई दिसत. मग काय करू सांग."

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसरं आलं. गाडी थिजली नाही. पण पांढऱ्यातून कठडा एकदम अंगावर आला, त्यांचं स्टिअरिंग हुकलं आणि शेजारून जुना, खणखणीत आवाज आला.

"उजवीकडं दाब! दाब! हां... आता सरळ. चल, चल, चल."

दाट धुक्यात कुंभार्ली एकट्या ड्रायव्हरनं कधी उतरलाच नव्हता. कंडक्टर डाव्या दारात उभा राहून कड बघायचा आणि ओरडून सांगायचा, त्या आवाजावर गाडी चालायची. स्वच्छ उन्हात नाना फक्त तिकिटं फाडत. धुक्यात अर्धी गाडी तेच चालवायचे. पडद्यावर धुकं पसरताना हे रमजानभाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी धुकं केलं होतं ते मेमरी परवडत नाही म्हणून.

"आता वाकडं झाड येणार बघ, डाव्या हाताला."

झाड पांढऱ्यातून पुढं आलं, वाकडंच.

"ब्रेक!" दोघं एकदमच ओरडले.

घाटाखालच्या पोफळी गावापर्यंत पाऊण तास नानांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. मागच्या रिकाम्या पडवीला त्यांनी दोनदा "पुढं सरका" म्हणून दम दिला. गाडी खाली पोहोचली तेव्हा त्यांनी डाव्या हातानं दोरी धरली आणि घंटी वाजवली, एकदाच, थांबायची. रमजानभाईंनी गाडी थांबवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्नही केला नाही.

"लय भारी झालं, गड्या," नाना म्हणाले. "पर एक ऐक. ती मेमरी स्वस्त झाली तरी घेऊ नगंस."

"का रं?"

"घेतलीस की तू धुकं काढशील. मग मी काय, तिकिटं फाडू?"

रविवारी नाना पुण्याला गेले. तिथं ते आता पार्सल नाहीत. दर रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल येतो. रमजानभाई फोन दोरीखाली, पडद्याकडं तोंड करून उभा करतात आणि पुण्यातून नाना कड सांगतात. पण गाडी सोडायच्या आधी नानांचा एक प्रश्न ठरलेला असतो.

"मेमरीचा भाव काय म्हणतोय?"

"चढलाय. आता अठरा."

"चांगलं झालं," म्हणत नाना हसतात आणि तोंडानंच दोनदा घंटी वाजवतात. मग गाडी सुटते.