गॅमा स्फोट आणि आईचा कौल

पार्से गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळ्यांवर, एके काळी गॅमा किरणांचे स्फोट अंथरलेले होते. मुंबईच्या संशोधन संस्थेतून सुट्टीत घरी येताना मी संगणकावर छापलेले आलेख आणायचे. कडेला भोकांची पट्टी असलेले ते लांबच लांब कागद. माझं काम झालं की, आणि कधी कधी व्हायच्या आधीच, आई ते डब्यांखाली घालायची. पोह्यांच्या डब्याखाली एक स्फोट, सुक्या बांगड्यांच्या बरणीखाली दुसरा. मी चिडून बोंबलायचे. ती शांतपणे म्हणायची, "कागद बरो आसा गो, जाड."

गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. कोणती भाषा कुणाची यावरून गावात अजून तोंडं फुगलेली असत. आमच्या घरात पत्रं मराठीत आणि भांडणं कोकणीत असा कारभार पूर्वीपासूनच चालू होता, त्यामुळे आम्हाला काही वेगळं ठरवावं लागलं नाही.

माझं काम असं होतं. अवकाशात कुठेतरी, कधीही, गॅमा किरणांचा एक झोत भडकतो, काही सेकंद सगळ्या आकाशाला मागे टाकतो आणि विझतो. पुन्हा त्या जागी काही नाही. हे किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते उपग्रहावर टिपायचे. त्यातले प्रखर स्फोट माझ्या वाट्याला आले होते. आलेले किरण ऊर्जेप्रमाणे वेगळे करायचे: कमी ऊर्जेचे किती, जास्तीचे किती, आणि सगळ्यात जोर कुठे आहे. मंद स्फोटातून इतके थोडे किरण मिळतात की वाटणी करायला काही उरतच नाही. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे तूं गिरेस्तांकडेनच वता." म्हणजे मी श्रीमंतांच्याच दारी जाते.

एकदा आदोळीवर नारळ खवता खवता तिने फळीवरच्या आलेखाकडे बोट दाखवलं. "हो उंचवटो कितें?"

मी सांगायला बसले. सगळ्यात जोर तिथे. पण खरी अडचण अशी की आमचं यंत्र सरळ सांगत नाही. एखादा किरण आपली सगळी ऊर्जा यंत्रात सोडतो, एखादा थोडी सोडतो आणि निसटतो. म्हणजे दिसलं ते आणि आलं ते, एक नव्हे. दिसलेल्यावरून उलटं मोजत मागे जाऊ म्हटलं तर जाता येत नाही. मग आम्ही आधीच धरून चालतो की मूळ किरण अमुक आकाराचे होते. ते यंत्रातून गेले असते तर काय दिसलं असतं ते काढतो आणि खरोखर दिसलेल्याशी ताडून बघतो. नाही जुळलं तर आकार बदलायचा.

आईचा हात थांबला. "म्हणजे जबाब पयलीं धरपाचो आनी मागीर विचारपाचें?"

"तसंच. उत्तर आधी, प्रश्न नंतर."

"आनी हाका शिक्षण म्हणटात!"

त्याच उन्हाळ्यात मला परदेशात दोन वर्षांचं काम देऊ केलं गेलं, उपग्रहाची माहिती जिथे सगळ्यात आधी उतरते तिथेच. वास्कोच्या बंदरात नोकरीला असलेले बाबा शनिवारी घरी आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "आवय कितें म्हणटा पळय" म्हणत निर्णय आईवर टाकला आणि आंघोळीला गेले. आई म्हणाली, देवाला कौल लावूया.

मी भडकले. माझं आयुष्य फुलाच्या पाकळीवर टांगणार का, असं काहीतरी नाटकी बोलले. खरं सांगायचं तर जायला मी आसुसले होते, आणि तिचं 'हो' नसताना माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता. म्हणूनच इतका राग आला होता.

सोमवारी देवळात गेलो. भटजींनी देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या पाण्याने चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आईने विचारलं, "चेडवाक धाडूं?" मुलीला पाठवू का, एवढंच, आणि तिचा शब्द पुरा व्हायच्या आत डावी पाकळी खाली आली.

"पंखा चालू होता," मी बाहेर येताच म्हटलं. आई भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. एकदा दिलेला कौल परत मागायचा नाही, अशी आमच्या देवळाची रीत. देवाला भंडावून सोडायचं नाही. घरात त्या आठवड्यात फक्त भांडी वाजली. मी नकाराचं पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं.

पुढच्या सोमवारी ती लुगडं बदलून उभी. "चल देवळांत."

"तोच प्रश्न परत विचारता येत नाही ना?"

"तोच कोण विचारता?"

भटजींनी पाकळ्या लावल्या आणि तिच्याकडे पाहिलं. आई देवासमोर पदर सारखा करून उभी राहिली. "देवा, चेडवाक हांव धाडटां. तें आतां तुका विचारना. ताका थंय पोटभर जेवण मेळतलें? मेळत जाल्यार उजवी दी."

पाठवायचं तिने ठरवूनच टाकलं होतं; देवाला विचारलं ते फक्त तिथे मला पोटभर जेवण मिळेल का एवढंच. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. पाकळ्या हलेनात. पंख्याला दोष देणारी मी, हात जोडून उभी होते. मग उजवी पडली.

परत येताना मी म्हटलं, "आई, हे कसलं विचारणं? उत्तर आधीच धरून?"

"तुवेंच शिकयलें न्हय?" ती म्हणाली आणि भरभर पुढे चालू लागली. तिला माझ्यासमोर डोळे पुसायचे नव्हते.

परदेशात पहिल्या हिवाळ्यात मी पाव आणि उकडलेल्या अंड्यांवर दिवस काढले. स्फोटांपुढे जेवणाची शुद्ध नव्हती. एका रविवारी गावातल्या शेजाऱ्यांच्या घरी आईला फोनवर गाठलं. काम कसं चाललंय, थंडी किती, काही नाही. तिने एकच विचारलं, "देवान सांगिल्लें तशें मेळटा मगो जेवण?"

"मिळतं," मी म्हटलं, आणि फोन ठेवून रडले.

मग कोट चढवला, दुकानात जाऊन मासे आणि डब्यातला नारळ घेऊन आले आणि त्या संध्याकाळी जन्मात पहिल्यांदा हुमण, आमच्याकडची माशांची आमटी, केलं. खारट झालं होतं. देवावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण आईला देवाने दिलेला शब्द माझ्यामुळे खोटा पडला असता, ते मला सोसलं नसतं.