बिनवासाचे खडे

माझ्या अक्काच्या नवऱ्याच्या अंगाला उंदराचा वास यायचा. स्पष्टच सांगते, उगाच गोड बोलायची मला सवय नाही. मारुती दाजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका लहानशा केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. दिवेलागणीला जिन्यात पाऊल वाजलं की मालन अक्का आतूनच ओरडायची, "आला गं बाई उंदीर! आधी मोरीत, मग घरात!" साबण झाला, लिंबू झालं, बेसन झालं, वास काही हटेना. शेजारच्या तुळसाकाकूंनी तर जिन्यात पिंजरा लावला, आत भजं अडकवून. उंदीर रोज तो पिंजरा ओलांडून वर जायचा आणि चहा मागायचा.

कंपनीत अॅसिटामाइड व्हायचं. "म्हणजे काय हो?" मी एकदा विचारलं आणि फसले, कारण दाजी सुरू झाले की थांबायचे नाहीत.

"व्हिनेगरमधलं अॅसिड असतं ना, त्याचं अमोनियाशी लग्न लावायचं. दोघंही नाकाला झोंबणारी. मग त्यांना तापवत ठेवायचं. आतलं पाणी निघून गेलं की दोघांचा तिखटपणा जातो आणि राहतं ते अॅसिटामाइड. पांढरंशुभ्र."

"आणि उंदीर?"

"तो वास त्याचा नाहीच! सोबत राहिलेल्या घाणीचा आहे तो. शुद्ध अॅसिटामाइडला वासच नसतो."

हे सांगताना त्यांचा आवाज देवळात बसल्यासारखा हळू व्हायचा. माल गरम सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचा आणि अगदी सावकाश निवू द्यायचा, हे त्यांचं आवडतं काम. घाई केली तर घाण खड्यांत अडकते. निवांत सोडलं तर खडे आपलेआपण वाढतात आणि नको ते सगळं त्या सॉल्व्हंटमध्येच मागे राहतं. दाजी भांड्याच्या काचेला नाक लावून उभे राहायचे. आधी आत नुसतं धुकं दिसायचं, मग त्यात एक बारीक सुई चमकायची, मग दुसरी, मग सगळं भांडंच चमचमत भरून यायचं. त्या वेळी कोणी हाक मारली तरी त्यांना ऐकू जायचं नाही. एकदा तरी असा माल काढायचा की ज्याला अजिबात वास नाही, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. माणसं बंगल्याची स्वप्नं बघतात, आमचे दाजी बिनवासाच्या खड्यांची.

मग अक्का विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. पोटची पोरगी संचिता, तिला म्हणाली, "ताई, तुम्ही कुठल्या?" मी वर्तकनगरहून डबा घेऊन जायचे, तर मला नर्स समजून दंड पुढे करायची. राग यायचा हो मला. कोणावर काढायचा, ते मात्र कळायचं नाही.

पण दाजी दारात आले की तिचं नाक वर व्हायचं, चेहरा उजळायचा. "आला उंदीर!" आणि उठून चहा टाकायची, साखर-पत्तीचं माप अचूक. सगळं पुसलं गेलं होतं, एवढं एक शाबूत होतं. दाजी त्याच्यावर दिवस काढत होते.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल-नारळ मिळाला आणि शेवटच्या बॅचमधली एक छोटी बाटली, बूच घट्ट बसवलेली. साधली होती ती बॅच. खडे असे स्वच्छ की बघत राहावं. आनंदाने ते घरी आले.

आठवडाभरात अंगाचा वास उडाला. एका संध्याकाळी मी तिथंच होते, दाजी बाजारातून आले तर अक्काने दार अडवलं. "कोण पाहिजे तुम्हाला?"

"अगं मालन, मी."

"मी कोण?"

दाजी तिच्या बाजूने आत धावले, ती बाटली घेऊन आले, बूच काढून तिच्या नाकाशी धरली. अक्काने हुंगलं. "कसलाच वास नाही हो," ती म्हणाली.

दाजी माझ्याकडे वळले. "सगळी घाण काढून टाकली ना मी," एवढंच बोलले. मला तिथंच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून दाजी दुपारचे गायब व्हायला लागले. मी चिडले, बायको अशी आणि हा माणूस भटकतोय! एकदा मी त्यांच्या मागोमाग गेले. कंपनीच्या शेडबाहेर, धुवायला टाकलेल्या, तोच उंदराचा वास मारणाऱ्या गाळणीच्या कापडांच्या ढिगाशेजारी दाजी स्टुलावर बसले होते. वॉचमन पोपट हसत होता, "मारुतीराव, घरी करमत नाही काय?" तेही हसले. संध्याकाळी ते घरी गेले आणि अक्काने चहा टाकला. त्यानंतर मी त्यांना कधी काही बोलले नाही.

पुढे कंपनीने तो मालच बंद केला. शेड धुऊन निघाली, कापडं गेली. तरी दाजी नेहमीच्या वेळेला जिना चढून आले. मी स्वयंपाकघरात होते. अक्का दाराशी उभी होती.

"कोण?"

दाजी म्हणाले, "उंदीर."

"काहीतरीच काय," अक्का हसली. "त्याचा वास येतो आधी." मग माणुसकीने म्हणाली, "आत या, बसा. येईलच तो आता. मग सगळ्यांनाच चहा टाकते."

दाजी चपला काढून आत आले आणि तिच्याशेजारी पलंगावर बसले. दोघं दाराकडे बघत होती.

"उशीर झाला आज त्याला," अक्का म्हणाली.

"येईल," दाजी म्हणाले.