माइकचा स्पंज

काल जुन्या बॅगेत माइकवरचा काळा स्पंज सापडला, आणि नाकाशी नेताच तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा तोच आंबूस वास आला. देवळी गावात एका रोपवाटिकेच्या मालकाला धंद्यासाठी पॉडकास्ट हवा होता आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. मालक तोंडात खर्रा धरूनच बोलायचा. स्पंजवर थुंकी उडायची ती मी नाक मुरडून पुसायचो, आणि त्याचं पचापचा चघळणं कापण्यातच माझी दुपार जायची. एकदा त्यानं, त्याच्याकडून रोपं नेऊन लावणारी पवनारकडची एक भाजीवाली बाई बोलायला बसवली. ती म्हणाली, "पहिल्या साली वांगे चांगले आले. औंदा अर्धे रोपं मेले, अन् हे फोन उचलत नाई." ती गेल्यावर मालक पिचकारी टाकून म्हणाला, "पहिलंच ठेवजो, बाकीचं काढून टाकजो." मी काढलं. जोड कळू नये म्हणून त्यावर पंख्याची घरघरही पसरली. आठवड्यानं ती स्वतःचं बोलणं ऐकायला आली. ऐकून झाल्यावर तिनं इअरफोन कानातून काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "आवाज माहाच आहे," एवढंच म्हणाली. काल स्पंज कचऱ्यात टाकून मी साबणानं दोनदा हात धुतले. पॉडकास्टची फाईल एका ठिकाणी चढवली की सगळ्या ॲपवर आपोआप जाते, आणि तिथून काढली की सगळीकडून निघते. तो भाग अजून ऐकू येतो. पासवर्ड माझ्याकडेच आहे.