घुसळलेला समुद्र आणि आमचे आतोबा

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस आमच्या आतोबांखेरीज दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, पिपलानीच्या कारखान्यात इंजिनियर. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही ओहोटीचा. पण रेडिओवर चक्रीवादळाची बातमी लागली की ते भरल्या ताटावरून उठत आणि दिसेल त्याला गाठून सांगत, की वादळ समुद्राच्या उबदार पाण्यावर पोसतं आणि तेच पाणी घुसळून खालचं गार पाणी वर आणतं, म्हणजे स्वतःच्याच चुलीवर पाणी ओततं! हे पटवायला त्यांना बादली लागे. थंडीत पिपलानीत घरोघरी बादलीत हीटरचा रॉड सोडलेला असे. त्यात वरचं पाणी चटका देतं आणि तळाचं गारठलेलंच राहतं. अरेरा कॉलनीत आमच्या घरी माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला मुलाचे आजोबा पंचा नेसून आंघोळीला निघाले, तर आतोबांनी त्यांना दारातच थोपवलं, बटण बंद करून रॉड काढला, अस्तनी सारून बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि चक्रीवादळ करून दाखवलं. "बघा, गेला की नाही वरचा चटका!" आजोबा कुडकुडत उभे, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आतोबांच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या ओडिया वहिनी मात्र त्यांचं मन लावून ऐकत. त्यांची म्हातारी आई किनाऱ्यावरच्या गावात एकटी राही. एकदा तिकडे वादळ आलं आणि किनाऱ्यासमोर समुद्रात ठाण मांडून बसलं. गावकरी शाळेच्या पक्क्या इमारतीत चाललेले, आणि म्हातारी शेळ्या सोडून हलायला तयार नाही. वहिनी धावत आल्या. "भाईसाब, माँ को ज़बरदस्ती स्कूल भिजवाऊँ क्या?"

आतोबांचा चेहरा खुलला. इतकी वर्षं त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं. "एक ही जगह रुका है ना? नीचे का पानी खुद ही ठंडा कर लेगा, दम निकल जाएगा उसका. रहने दीजिए घर में." वहिनींनी एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात तसा निरोप दिला.

वादळाचा दम निघाला नाही. ते आणखी चढलं आणि गावावरून गेलं. मग फोन बंद. वहिनींच्या घरातलं रडणं भिंतीतून ऐकू येई आणि आतोबा खुर्चीत खिळलेले. आत्याला एवढंच म्हणाले, "अगं, तिथं ऊन पाणी खोलवर असणार. कितीही घुसळलं तरी वर ऊनच आलं. मी आपली बादली धरून बसलो." पुढे कळलं, की घर गेलं, शेळ्या गेल्या. शेजाऱ्यांनी ऐन वादळात ओढून नेली म्हणून म्हातारी वाचली, एक हात मोडला. आतोबा वहिनींच्या दारावरून जाताना स्कूटर बंद करून ढकलत नेऊ लागले. लाज आम्हा सगळ्यांनाच वाटत होती. आत्या तर वहिनींकडे विरजण मागायलाही जाईना.

वहिनींनी आईला पिपलानीला आणलं, तेव्हा आतोबा मला सोबत घेऊन गेले. हात जोडून नुसते उभे राहिले. म्हातारीने ओडियात लेकीला काही विचारलं. लेक काही बोलली. तशी म्हातारी हसली आणि प्लास्टर नसलेल्या हाताने खाटेवर जागा करून त्यांना बसायची खूण करू लागली.

"क्या बताया आपने इन्हें?" आतोबांनी कसंबसं विचारलं.

"यही, कि भाईसाब को आपकी बहुत फ़िकर थी."

आतोबा खाटेवर बसले आणि सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडले. त्या दिवशी मात्र मला त्यांची लाज वाटली नाही.

त्यानंतर वादळाच्या बातम्या पुष्कळ लागल्या. मी मुद्दाम विचारायचो, "आतोबा, आता समुद्र गार पडेल ना?" ते ताटातून मान वर करत नसत. "तिथल्या माणसांना विचार," म्हणत आणि मुकाट्याने जेवत राहत.